दुबईच्या गोदामात मिरची उतरेपर्यंत

संयुक्त अरब अमिरातीत सुक्या मिरचीचं नाव घेण्याजोगं पीक नाही. देइऱ्यातल्या अल रासच्या घाऊक पेढ्या असोत, शारजातली मसाल्याची गिरणी असो की कोपऱ्यावरचा बकाला म्हणजे किराणा दुकान, तिथली मिरची जहाजानेच आलेली असते. ती बहुतेक भारतातून येते, थोडी पाकिस्तानच्या सिंधमधल्या कुनरीहून आणि थोडी चीनमधून. आम्ही गुंटूर आणि ब्याडगीचा माल आणतो आणि जमेल तेव्हा नंदुरबारचाही. एका कंटेनरचं काम सौद्यापासून विक्रीपर्यंत कसं चालतं, ते इथे क्रमाने लिहितो आहोत. या धंद्यात नवीन येणारे भाव आणि वाहतूक यांचा हिशेब पक्का करून येतात, पण पैसा बहुतेक वेळा ओलाव्यात जातो. म्हणून खालच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर ओलावा पुन्हा पुन्हा येईल.

आधी माल ठरवावा लागतो. ‘लाल मिरची’ अशी मागणी दुबईत कोणी करत नाही. कामगारांच्या वसाहतींना जेवण पुरवणारे केटरर तिखट मागतात. त्यांना गुंटूर-खम्मम पट्ट्यातली तेजा लागते. लहान, बारीक मिरची, तिखटपणा साधारण 75,000 स्कोव्हिलच्या पुढे. रोजच्या मसाल्यासाठी सन्नम, म्हणजे 334, चालते. तिचा तिखटपणा तेजाच्या निम्म्याहून कमी, साल जाड. हॉटेलवाल्यांना रंग हवा असतो, तिखट नको असतं. त्यांना ब्याडगी द्यावी लागते. ब्याडगीतही कड्डी आणि डब्बी वेगळ्या: कड्डी लांब, सुरकुतलेली, डब्बी आखूड, फुगीर आणि रंगाला सरस. दुबईत ‘काश्मिरी’ या नावाने खपणारा बराच माल कर्नाटक आणि आंध्रचाच असतो. आंध्र-तेलंगणातले 2043 सारखे संकरित वाण दिसायला ब्याडगीसारखे असतात आणि भावाला स्वस्त. ते त्यांच्या नावाने विकायला काहीच हरकत नाही, पण ब्याडगीत मिसळून आले तर गिरणीवाल्याच्या प्रयोगशाळेत रंगाचा आकडा खाली येतो आणि अख्ख्या लॉटवर वाद होतो. म्हणून सौद्यात वाणाच्या नावाबरोबर रंगाचा किमान आस्टा आकडा (प्रयोगशाळेत मोजलेली रंगाची तीव्रता) आणि तिखटपणाची मर्यादा लिहून घ्यायची. नाव बदलता येतं, आकडा मोजता येतो.

आता भाव. गुंटूरचा भाव दुबईच्या मागणीवर हलत नाही. भारतीय मिरचीचा सर्वांत मोठा परदेशी गिऱ्हाईक चीन आहे. चिनी खरेदीदार तेजात उतरले की आखाती व्यापाऱ्याने कितीही घासाघीस केली तरी काही होत नाही. दुसरं कारण शेतातलं. 2021 च्या शेवटी आंध्र-तेलंगणात फुलकिड्यांनी, थ्रिप्सच्या नव्या प्रजातीने, मिरचीची दाणादाण उडवली आणि त्यानंतर भाव चढत गेले. चढ्या भावाने लागवड वाढली, भाव कोसळले. 2025 च्या फेब्रुवारीत केंद्राला आंध्रच्या मिरचीसाठी क्विंटलला 11,781 रुपयांची हस्तक्षेप किंमत जाहीर करावी लागली. हे चक्र दोन-तीन वर्षांत फिरतं. दिरहम 1997 पासून डॉलरला 3.6725 वर बांधलेला आहे, त्यामुळे चलनाचा धोका उरतो तो रुपयाच्या बाजूने, आणि डॉलरमध्ये सौदा केला की तोही निर्यातदाराकडे जातो.

भावाची तुलना करताना आम्ही एक साधी रीत पाळतो. समजा एकाने किलोला 150 रुपये सांगितले आणि माल 13 टक्के ओलाव्याचा आहे. दुसरा 154 सांगतो, पण ओलावा साडेदहा. 150 ला 0.87 ने भागा, 154 ला 0.895 ने. दोन्हीकडे सुक्या अंशाचा किलोचा भाव 172 रुपयांच्या आसपास निघतो. म्हणजे स्वस्त कोणीच नाही. पहिला मात्र बुरशीचा धोकाही गळ्यात घालतो. कंटेनरच्या पातळीवर हे किती मोठं होतं ते पाहा: 14,000 किलो माल 12 टक्के ओलाव्याने भरला, तर त्यात सुका अंश 12,320 किलो. दुबईच्या वातानुकूलित गोदामात तो साडेनऊ टक्क्यांवर आला की वजन 13,613 किलो भरतं. 387 किलोंची घट, आणि त्या 387 किलोंचे पैसे, भाडं, विमा सगळं आधीच भरलेलं. ही घट विम्यात मिळत नाही; मालाच्या स्वभावामुळे होणारी घट विम्याच्या कलमांतून वगळलेली असते.

ओलावा येतो कुठून? शेतकऱ्याने नीट वाळवलेली मिरची 10 टक्क्यांच्या खाली गेली की ठिसूळ होते. हाताळताना फुटते, बिया सांडतात, आणि सौद्यात फुटीचं प्रमाण 5 टक्क्यांपर्यंतच मान्य केलेलं असतं. म्हणून पोती भरण्यापूर्वी मालावर पाणी मारलं जातं. बाजारात ही लपवलेली गोष्ट नाही. पाणी मारल्याशिवाय भरता येत नाही असंही सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. पाणी किती मारलं आणि ते जिरायला किती वेळ दिला, इथे सगळं ठरतं. हलका फवारा मारून ढीग रात्रभर झाकून ठेवला तर साल लवचीक होते, आणि भरण्याआधी पुन्हा पसरून वारं दिलं तर ओलावा 11 च्या आत राहतो. घाईत पाणी मारून लगेच दाबून भरलेल्या पोत्यात ते देठाच्या टोपीखाली आणि बियांच्या गाभ्यात साठतं. वरून मिरची कोरडी दिसते, आत देठाजवळ राखाडी बुरशी धरते. म्हणून नमुना पाहताना आम्ही मिरच्या उभ्या चिरून बघतो. बाहेरून लालभडक आणि आतला पडदा काळसर असेल, तर तो लॉट कितीही स्वस्त असो, सोडून देतो.

हाताने अंदाज असा घ्यायचा: मिरची हलवली की बिया खुळखुळल्या पाहिजेत. वाकवली की कडकन मोडली तर ओलावा 8-9 च्या आसपास. न मोडता वाकली आणि सोडल्यावर सरळ झाली तर 11 च्या जवळ. चामड्यासारखी लुळी पडली तर 14 किंवा वर. हातातल्या मीटरवर पूर्ण मिरची ठेवून मोजणं निरर्थक आहे, कारण मिरची पोकळ असते आणि मीटर हवा मोजतो. दळून, भांडं घट्ट भरून मोजायचं. वादाच्या वेळी प्रयोगशाळेतली टोल्यूइनची ऊर्ध्वपातन पद्धतच ग्राह्य धरायची, असं करारात लिहायचं. ओव्हनमध्ये पाण्याबरोबर बाष्पशील द्रव्यंही उडतात आणि आकडा फुगतो. शक्य असेल तर जल-सक्रियता, म्हणजे बुरशीला वापरता येईल असं मोकळं पाणी, हीही मोजून घ्यावी. ती 0.65 च्या खाली असेल तर बुरशी सहसा वाढत नाही, आणि आम्हाला हा आकडा टक्केवारीपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

अफ्लाटॉक्सिनचं, म्हणजे बुरशीतून तयार होणाऱ्या विषाचं, गणित वेगळं आहे. ते पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. हजार मिरच्या स्वच्छ आणि एकच विषारी, असं असू शकतं. 25 किलोंची 560 पोती असतील तर रंग आणि ओलाव्यासाठी वर्गमूळाच्या हिशेबाने 24 पोती उघडून भागतं. अफ्लाटॉक्सिनसाठी तेवढ्याने होत नाही. आम्ही निदान 100 पोत्यांतून मूठ-मूठ घेतो, वरून, मधून आणि तळातून, मग सगळी मिरची एकत्र दळतो आणि दळल्यावरच नमुना वाटतो. दळण्याआधी वाटलेल्या दोन पिशव्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत आणि मग दोन्ही प्रयोगशाळांना दोष दिला जातो. मर्यादा कोणती लावायची ते माल पुढे कुठे जाणार यावर ठरतं. भारतात मसाल्यांना एकूण अफ्लाटॉक्सिन किलोला 30 मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. युरोपात त्यातल्या बी-1 या प्रकाराला पाच आणि एकूण दहा. दुबईतला बराच माल पुढे निर्यात होतो, त्यामुळे युरोपशी व्यवहार असलेला गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी पाच-दहाचा अहवाल मागतो. त्याच नमुन्यावर सुदान (अन्नात बंदी असलेला लाल कृत्रिम रंग), कीटकनाशकांचे अंश आणि इथिलीन ऑक्साइड (जंतू मारायला वापरला जाणारा वायू) तपासून घ्यायचं. एप्रिल 2024 मध्ये हाँगकाँगने काही भारतीय मसाल्यांची विक्री थांबवली, सिंगापूरने माल परत घ्यायला लावला, आणि तेव्हापासून इथिलीन ऑक्साइडचा प्रश्न दुबईतला किरकोळ विक्रेताही विचारतो. जंतू कमी करायचेच असतील तर वाफेची प्रक्रिया करून घ्यावी. सुदान बऱ्याचदा मिरचीतून न येता जुन्या बारदानातून किंवा मिरचीला चमक आणण्यासाठी चोळलेल्या तेलातून येतो. म्हणून बारदान नवं आणि तेल अजिबात नाही, ही आमची अट.

नंदुरबारच्या मालाबद्दल थोडं स्वतंत्र लिहायला हवं. तिथे व्यापारी ओली लाल मिरची लिलावात घेतात आणि शहराबाहेरच्या पथारींवर वाळवतात. 75 टक्के पाणी असलेली 100 किलो मिरची 10 टक्क्यांवर आणली की 28 किलोंच्या आसपास उरते. वाळवणं व्यापाऱ्याच्या हातात असल्यामुळे त्याच्याशी नीट बोललं तर पाणी न मारलेला माल मिळू शकतो. हा मोठा फायदा. पण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अवकाळी पाऊस आला की पथारीवरची मिरची भिजते, पांढरी पडते आणि तिची फटकी होते. त्या हंगामात नंदुरबारचा सौदा करण्याआधी पावसाच्या तारखा विचारायच्या आणि माल त्यांच्या आधी वाळला की नंतर, हे पाहायचं. फटकी मिरची वेचून वेगळी केली म्हणजे लॉट स्वच्छ झाला असं नाही. शेजारच्या मिरचीनेही तेच पाणी प्यायलेलं असतं.

गुंटूरचा माल वर्षभर मिळतो, कारण तिथे शंभराहून जास्त शीतगृहं आहेत. फेब्रुवारी ते एप्रिल आवक जोरात, मग उन्हाळ्यात यार्ड महिनाभर बंद, आणि पुढे डिसेंबरपर्यंत ‘एसी माल’, म्हणजे शीतगृहातला माल, चालतो. रंग टिकवायला शीतगृह उत्तम. धोका असतो तो माल बाहेर काढताना. 5-6 अंशांवर ठेवलेलं पोतं जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत आणलं की त्याच्यावर पाणी सुटतं. ते पोतं तसंच ट्रकमध्ये, ट्रकमधून कंटेनरमध्ये गेलं, तर दुबईत दार उघडल्यावर कुबट वास येणारच. काढलेला माल निदान एक दिवस, पावसाळ्यात दोन दिवस, सावलीत आणि हवेशीर जागी पोती विरळ मांडून ठेवावा लागतो. निर्यातदाराला हे भाडं आणि हमाली वाढवणारं वाटतं. ते पैसे आपण द्यावेत, पण हे काम करूनच घ्यावं.

आखातासाठी माल पश्चिम किनाऱ्यावरून पाठवणं सोयीचं. गुंटूरहून हैदराबाद-सोलापूर-पुणे मार्गाने ट्रक नवी मुंबईत येतो, तिथे गोदामात पुन्हा तपासणी करून कंटेनर भरायचा आणि न्हावा शेवाहून दुबईच्या जेबेल अली बंदराला रवाना करायचा. जहाजाचा प्रवास चार-पाच दिवसांचा. वाशीच्या मसाला बाजारात मिरची वाचणारे जुने जाणकार दलाल आहेत. आमच्या मते त्यांच्यापैकी एकाला दलाली देऊन भरण्याच्या वेळी उभं करणं ही खर्चाची सर्वांत चांगली जागा.

भरतीतली मापं अशी: 40 फुटी हाय-क्यूब कंटेनरमध्ये न दाबलेला देठासह माल 14-15 टन बसतो, यंत्राने दाबलेल्या गाठींत याहून बराच जास्त. दाबलेल्या मालात भाडं वाचतं, फूट वाढते. गिरणीला देणार असाल तर दाबा, दुकानात अख्खी विकणार असाल तर दाबू नका. देठ काढलेला माल मागितला तर देठाचं वजन भावात धरलं आहे का, ते आधी विचारायचं. कंटेनर रिकामा असताना आत जाऊन दार बंद करून घ्यायचं आणि कुठून उजेड येतो का पाहायचं. उजेड आला म्हणजे पाणीही येणार. तळ ओला नको, आधीच्या मालाचा वास नको. भिंतींना क्राफ्ट कागद, छताखाली कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या, आणि सर्वांत वरच्या थरावर आणखी एक कागद, कारण छतावर जमलेले थेंब नेमके तिथे पडतात. पाऊस सुरू असताना भरायचं नाही. जहाज चुकलं तर पुढचं मिळतं.

धुरी देण्याबाबत एक गोष्ट सांगायलाच हवी. फॉस्फिनच्या गोळ्यांना मसाल्यातल्या किड्याची अंडी मारायला पाच-सात दिवस बंदिस्त वेळ लागतो. न्हावा शेवा-जेबेल अली प्रवास त्यापेक्षा लहान आहे, म्हणून ‘वाटेत धुरी होईल’ हा युक्तिवाद या मार्गावर लागू होत नाही. धुरी गोदामातच ताडपत्रीखाली पूर्ण करून, हवा देऊन, मग भरावं. गॅस शिल्लक असलेला कंटेनर उघडणं उतरवणाऱ्या हमालाच्या जिवावर बेतू शकतं. लाकडी पॅलेट वापरले तर त्यांच्यावर आयएसपीएम 15 चा, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा, शिक्का हवा.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं आहे, पण सरळ आहे. निर्यातदाराकडे स्पाइसेस बोर्डाची नोंदणी हवी. सोबत बीजक, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र, धुरीचं प्रमाणपत्र, प्रयोगशाळेचा अहवाल आणि उगम प्रमाणपत्र. भारत-अमिरात करार 1 मे 2022 पासून लागू आहे, त्यामुळे उगम प्रमाणपत्र त्या कराराच्या नमुन्यातलं घ्यायचं. अख्खी मिरची 0904 21 खाली, कुटलेली किंवा दळलेली 0904 22 खाली. दुबईच्या बाजूने व्यापार परवान्यात मसाल्याचा व्यवहार नोंदलेला हवा, कस्टम्सचा आयातदार क्रमांक हवा, आणि पालिकेच्या अन्न-आयात प्रणालीत मालाची व लेबलची नोंद आधीच झालेली हवी. आयातीवर 5 टक्के व्हॅट आहे. नोंदणीकृत आयातदार तो विवरणपत्रात दाखवून वळता करतो. अडतं कुठे, तर जुळणीत. पोत्यावरचा लॉट क्रमांक अहवालातल्या क्रमांकाशी जुळत नाही, पोत्यावर अरबी मजकूर नाही, पॅकिंगची तारीख बिल ऑफ लेडिंगनंतरची पडते, असल्या गोष्टी. कंटेनर बंदरात अडकला की मोफत दिवस संपून दंड चढू लागतो, आणि ऑगस्टच्या उन्हात तापणाऱ्या पेटीत रंग रोज थोडा उतरतो. म्हणून जहाज सुटण्याआधी आम्ही पोत्याच्या लेबलचा फोटो आणि सगळ्या कागदांच्या प्रती शेजारी ठेवून ओळीने वाचतो.

माल उतरल्यावर लगेच वजन, ओलावा आणि वरच्या थरातल्या, दाराजवळच्या व मधल्या पोत्यांचे फोटो. तक्रार करायची असेल तर ती माल गोदामात लागण्याआधीच केलेली बरी. गोदाम अंधारं आणि थंड हवं. उजेड आणि उष्णता दोन्ही रंग खातात. पोती भिंतीपासून हातभर लांब आणि पॅलेटवर. अख्खी मिरची अशा जागी बरेच महिने टिकते, पूड मात्र लवकर फिकी पडते, म्हणून पूड मागणीप्रमाणे दळून घेतो. चाळणीखाली पडलेली फूट आणि बिया वेगळ्या भरून गिरणीला वेगळ्या भावाने जातात. त्या अख्ख्या मालात परत मिसळल्या तर पुढच्या वेळी गिऱ्हाईक पोतं उपडं करून बघतो.

विक्री बहुतेक उधारीवर, 60 ते 120 दिवसांच्या पुढच्या तारखेच्या चेकवर. 2 जानेवारी 2022 पासून नुसती शिल्लक नसल्याने चेक परत गेला तर तो बहुतांशी फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. त्याऐवजी चेक घेऊन थेट अंमलबजावणी न्यायालयात जाता येतं. ही वाट आधीच्यापेक्षा सोपी आहे, पण समोरच्याच्या खात्यात काही असलं तरच उपयोगाची. म्हणून नव्या गिऱ्हाइकाला पहिली दोन-तीन पोती रोखीने, मग छोटी उधारी. किती उधारी झेपते, हे भाव चढण्याआधी ठरवायचं. तेजीत प्रत्येक जण जास्त माल मागतो.

सध्या सगळ्यात अवघड वेळ रमजानची आहे. चांद्रवर्षामुळे तो दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो, आणि आता तो गुंटूरच्या नव्या आवकेच्या सुरुवातीवर येऊन पडला आहे. पहिली आवक दिसायला सुंदर असते, रंग ताजा असतो, आणि ओलावा बऱ्याचदा 14 च्या वर. रमजानच्या मागणीसाठी ती मिरची भरायचा मोह होतो. आम्ही त्यासाठी नोव्हेंबरमध्येच एसी माल मागवून ठेवतो, रंगाला किंचित उतरलेला पण पूर्ण सुका, आणि नव्या पिकाचा पहिला कंटेनर फेब्रुवारीच्या शेवटाआधी भरत नाही.